दाराचा बाक

"खायची बंदी हाय, निवडायची न्हाई," असं म्हणत सगुणानं माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि मांडी घालून ती मनुकांचे देठ काढायला बसली.

शनिवारची दुपार होती, चारचा सुमार. दुसऱ्या दिवशी आमच्या जांभुळखेड्याच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून ते तीन महिन्यांतून एकदा व्हायचं, आणि त्याची भाकर नि द्राक्षरस करायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. रस म्हणजे काय, काळ्या मनुका शनिवारी भिजत घालायच्या आणि रविवारी सकाळी कुस्करून धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या. भाकर म्हणायची, पण खरी ती बिनमिठाची जाड पोळी. गार झाली की सुरीनं तिचे नखाएवढे चौकोन करायचे.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. मुलं मला पट्टीबाई म्हणायची, अर्थात माझ्या माघारी. मंडळीच्या पंचांत मी एकटीच बाई, वर चिटणीस. त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. सगुणा पाटोळे त्याच आवारातल्या दवाखान्यात आया. लहानपणी बोर्डिंगात आम्ही दोघी एका चटईवर झोपायचो. पुढं मी शिकले आणि तिचं सातवीतच लग्न झालं. नवरा लवकर गेला. मागं एक मुलगा, अमोल.

या अमोलपायीच तिच्यावर बंदी आली होती. आदल्या वर्षी आठ वर्षांच्या त्या पोराचा ताप मेंदूत गेला. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा सगुणानं डोंगरावरच्या देवीला नवस बोलला. पोरगं वाचलं. ती जत्रेत नवस फेडायला गेली आणि आमच्याच मंडळीतल्या कुणीतरी तिला पाहिलं, हातात नारळ, कपाळाला मळवट. पंचांची सभा बसली. आरोप वाचायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं. मी स्पष्ट आवाजात वाचला. सगळ्यांचे हात वर झाले, माझाही झाला. तेव्हापासून नऊ महिने सगुणा दाराच्या बाकावर बसत होती.

हा बाक आमच्या देवळात, म्हणजे चर्चात, शिरताच डाव्या हाताला होता. ज्याचं प्रभुभोजन बंद केलं, त्यानं तिथं बसायचं, उपासनेला यायचं, गायचं, प्रार्थना करायची, पण भाकरीचं ताट तिथपर्यंत जायचं नाही. त्या बाकावरून सुटायची एकच रीत होती. प्रभुभोजनाआधी वडीलपंच मंडळीला विचारायचे, की याचा हात धरायला कुणी उठतंय का. कुणी उठलं, तर त्यानं बाकापाशी जाऊन त्याचा हात धरून उभं राहायचं. मग पंच तीन प्रश्न विचारायचे. काय केलंस? वाट कुणी दाखवली? आता काय मागतोस? उत्तरं पटली की मंडळी हात वर करायची आणि ती दोघं तशीच हात धरून मेजापर्यंत चालत यायची. पहिला मान जवळच्या माणसाचा. जवळचं माणूस बसलेलं असताना दुसऱ्यानं उठणं म्हणजे आगाऊपणा. ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण आमच्याकडे ती पाळकापेक्षा मोठी होती.

"रिबके, एक इचारू?" सगुणा म्हणाली. "एकदा तारण झालं मान्साचं, तर ते परत जातं का गं?"

"तात्या म्हणतात जातं," मी कणीक मळता मळता म्हणाले. सायमन तात्या आढाव आमचे वडीलपंच. "ज्यानं एकदा चव घेतली आणि मग पाठ फिरवली, त्याला पुन्हा वळवून आणणं अवघड आहे, असं ते म्हणतात."

"तात्याचं ठावं हाय मला. तू काय म्हंतीस?"

"मी शाळेत कृपेची व्याख्या शिकवते. लायकी नसताना मिळालेलं देणं."

"ते पोरांना झालं. मला काय म्हंतीस?"

मी पोळी लाटायला घेतली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच बोलू लागली.

"म्या प्रभूला सोडलं नव्हतं गं. घराला आग लागली तर मानूस हंडा कुनाचा ते बघतं का? भरल्याला दिसंल तो उचलतं. माझं तसं झालं. चुकलं, न्हाई म्हनत न्हाई. पर त्याला सोडलं न्हाई म्या. रोज रातच्याला बोलत व्हते त्याच्याशी."

"मग उद्या सांग ना तसंच."

"उद्या सांगायचंच हाय. मंगळवारी पोट फाडनार माझं." तिच्या पोटात गाठ होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. "तिथं जायच्या आदी एकदा ती भाकर तोंडात पडली पायजे, रिबके. मग काय बी होऊ दे. उद्या उठशील ना?"

"उठेन."

"तू न्हाई उठलीस तर कुनी उठनार न्हाई."

"उठेन म्हटलं ना."

ती हसली. ताटातले देठ मुठीत गोळा केले. "तिन्ही उत्तरं पाठ केलीत म्या. शाळंत करायचो तशी. म्हनून दाखवू? चुकलं तर सांग."

"आत्ता नको," मी म्हणाले. "उद्या ऐकेन सगळ्यांबरोबर."

ती उठली. मनुका पाण्यात टाकून, पातेल्यावर झाकण ठेवून, पदराला हात पुसत निघून गेली.

संध्याकाळी आमचे हे घरी आले. तात्यांकडे बसून आले होते. हातपाय धुताना म्हणाले, "उद्या तुझी सगुणा उभी राहणार म्हणे."

"हो."

"तात्या दुसऱ्या प्रश्नावर सोडणार नाहीत तिला. म्हणतात, त्या डोंगराची वाट आडबाजूची आहे, ही एकटी बाई तिथं पोचली कशी? मंडळीतलंच कुणीतरी आधी जाऊन आलेलं असणार. ते नाव उद्या काढून घेतो, म्हणतात. त्यालाही दाराशी बसवू."

मी भाकरीचे चौकोन कापत होते. सुरी थांबली.

"तुला काही बोलली ती?" ह्यांनी विचारलं.

"मला कशाला बोलेल?" मी म्हणाले आणि पुन्हा कापू लागले. त्या दिवशी चौकोन लहानमोठे झाले. मुलांच्या भूमितीच्या वह्यांत तसे झाले असते, तर मी पान फाडून टाकलं असतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, पोरं पुढं सतरंजीवर. आमचा सुजित पंधरा वर्षांचा, पोरांमध्ये सगळ्यात उंच, म्हणून कडेला बसला होता. सगुणा धुवट पांढरं लुगडं नेसून दाराच्या बाकावर बसली होती. अमोल तिच्या मांडीला टेकून उभा होता. त्याला पुढं बसायची मुभा होती, पण तो आईला सोडून जायचा नाही.

आमचे पाळकसाहेब तेव्हा नवे होते, तिशीच्या आतले. त्यांनी येशूच्या गोष्टींतल्या, घर सोडून गेलेल्या आणि सगळं उधळून परत आलेल्या मुलाच्या दाखल्यावर उपदेश केला. दाखला आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पण ते एक गोष्ट बोलले ती मी त्याआधी कुणाकडून ऐकली नव्हती. ते म्हणाले, "बापानं त्या मुलाला एकही प्रश्न विचारला नाही, हे आपण कधी मोजलंय का? कुठे होतास, पैसे काय केलेस, कुणाबरोबर होतास. एकही नाही. मुलगा पाठ करून आलेलं बोलत होता, तेही त्यानं पुरतं बोलू दिलं नाही." सायमन तात्या मोठ्यानं खाकरले. पाळकसाहेबांनी मान खाली घालून प्रार्थना सुरू केली. तरुण होते, घाबरायचे.

मग तात्या उठले. काठी टेकत मेजापाशी आले.

"दाराच्या बाकावर आपली एक भैन बसलीय," ते म्हणाले. "ती परत येऊ म्हनती. तिचा हात धरायला कुनी उठतंय का?"

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहजिकच होतं. गावात आमची मैत्री कुणाला माहीत नव्हती? मी उठणार, हे ठरलेलंच होतं. शेजारच्या सुलभाताईंनी मला वाट द्यावी म्हणून पाय आवरून घेतले.

मी उठले नाही.

"दुसऱ्यांदा इचारतो," तात्या म्हणाले.

मी सुजितकडे पाहत होते. त्याच्या मानेवर पावडर तशीच राहिली होती. तो मागे वळून माझ्याकडे बघायला लागला, आणि मी मांडीवरचं गायनाचं पुस्तक उघडून गाणं शोधू लागले. एवढ्या वर्षांत मला पुस्तक न उघडता गाण्यांचे आकडे माहीत झाले होते.

"तिसऱ्यांदा."

पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर मला कपाळावर जाणवत होती. मी पानं उलटत राहिले. मागून कुणीतरी कुणाला तरी कुजबुजलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं. "रिबकाबाईच उठंनात, म्हंजे आनखी कायतरी असनार तिचं."

हे ऐकूनही मी बसून राहिले. माझं ते बसणं तिच्याविरुद्ध साक्ष झालं होतं, हे मला तिथंच, त्या क्षणी कळलं होतं. उशिरा कळलं, असं म्हणायची सोय मला नाही.

"बरं," तात्या म्हणाले आणि मेजाकडे वळले. प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

भाकरीचं ताट फिरलं. माझ्यापर्यंत आलं. मी एक चौकोन उचलला आणि खाल्ला. घशात अडकला, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तो अडकला नाही. नीट उतरला. वरून रसही घेतला.

दाराच्या बाकावरच्या माणसानं सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचं असतं. मी मेज आवरायच्या निमित्तानं रेंगाळले, ती जाईल म्हणून. पण रीत पाळण्यात ती माझ्यापेक्षा पक्की. बसून राहिली. शेवटी मलाच तिच्यासमोरून जावं लागलं.

"भाकर जरा जाड झाली व्हय गं?" ती म्हणाली. "लांबून तशी दिसली."

मी "हं" म्हणाले आणि चप्पल पायात सरकवली. अमोल माझ्याकडे बघत होता. मुलांच्या नजरेला नजर द्यायची मला पंधरा वर्षांची सवय, पण त्या दिवशी मी खाली बघून चालू लागले.

मंगळवारी तिचं ऑपरेशन झालं. ती वाचली. गुरुवारी शाळेला अर्धी रजा टाकून मी एसटीनं जिल्ह्याला गेले. थर्मासात तांदळाची पेज घेतली होती. ती बायकांच्या वॉर्डात खिडकीशी होती. चेहरा पिवळा पडलेला, ओठ सुकलेले. मी चमच्यानं पेज भरवली. चार चमचे झाल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"म्या तुझं नाव घेतलं नसतं, रिबके," ती म्हणाली.

मी चमचा खाली ठेवला.

"दुसऱ्या प्रश्नाला काय सांगायचं, ते ठरवलं व्हतं म्या. माझी मीच गेले. येवढंच. शनवारी म्हनून दाखवत व्हते, तर तू म्हनलीस, आत्ता नको."

ती वाट तिला मीच दाखवली होती.

सोळाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि दोन मुलं पोटातच, पाचव्या महिन्यात गेली होती. मिशनच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या प्रार्थना करा, सासूबाई म्हणायच्या प्रार्थना कमी पडते. मी रात्रंदिवस प्रार्थना करत होते. मग एका दूधवालीनं डोंगरावरच्या देवीबद्दल सांगितलं. बोर्डिंगातल्या मैत्रिणीकडे जाते, असं घरी सांगून मी निघाले आणि एकटीला भीती वाटते म्हणून सगुणाला बरोबर घेतलं. ती पायथ्यापर्यंत आली. वर यायला तयार झाली नाही. "मला न्हाई जमायचं, तू जा, म्या हितं हाय," म्हणाली. मी वर जाऊन झाडाला चिंधीचा पाळणा बांधला, नवस बोलले. खाली आले तेव्हा ती माझ्या चपला हातात धरून उन्हात उभी होती. वाटेतल्या कुत्र्यांनी ओढून नेऊ नयेत म्हणून.

पुढच्या वर्षी सुजित झाला. नवस फेडायला काही मी गेले नाही. उलट मंडळीत उभी राहून साक्ष दिली की प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली, आणि मग दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला देत राहिले. ते खोटं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण अर्धंच होतं. सगुणा बायकांत बसून ती साक्ष ऐकायची, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात आमेन तिचं असायचं. पंधरा वर्षांत तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलं नाही. आणि तिच्यावरचा आरोप वाचला कुणी, तर मी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी चौथीला दर वर्षी वाक्यात उपयोग करायला द्यायची.

"सगुणा," मी म्हणाले. मला रडू आलं. ती माझ्या हातावर थापटत राहिली, टाके पडलेल्या बाईनं मला समजवावं अशी पाळी.

"रडू नगंस. भ्यालीस तू. म्या बी भ्याले व्हते पोरापायी, म्हनून तर डोंगर चढले. भ्यालेलं मानूस काय बी करतंय." मग थोडा वेळ डोळे मिटून पडली. "पुढल्या बारीला उठशील?"

"उठेन. शपथ."

"शपथ नगं. उठ निसती."

सुट्टी मिळाली की ती महिना-दोन महिने जालन्याला भावाकडे राहणार होती. माझ्या पिशवीत गायनाचं पुस्तक होतं. तिनं ते मागून घेतलं, नर्सकडून पेन घेतलं आणि पडल्या पडल्या पहिल्या पानावर भावाचा पत्ता लिहिला. सातवीपर्यंतचं तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार होतं. "पाळकसायबाच्या बारीचं काय खरं नसतं," ती म्हणाली. "कदी पंधरा दिस आदी, कदी मागं. तू कार्ड टाक मला."

"टाकते," मी म्हणाले.

दोन महिन्यांनी पंचांच्या सभेत तारीख ठरली. ती नोंदवून घ्यायचं काम माझंच. घरी येऊन मी पोस्टकार्ड काढलं. 'प्रिय सगुणा' लिहिलं आणि थांबले. कार्ड उघडं असतं, पोस्टात कोणीही वाचतं, असं मनाशी म्हणाले. खरं म्हणजे वाचायला त्यात होतं काय? एक तारीख. पण ती तारीख लिहिली की ती येणार, आणि आली की मला उठावं लागणार, आणि उठले की तात्या दुसरा प्रश्न विचारणार. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला आता ठाऊक होतं. तेच मला जास्त जड जात होतं. तिचा हात धरून उभं राहायचं आणि ती माझ्या देखत "माझी मीच गेले" म्हणताना ऐकायचं. ऐकून गप्प राहायचं, की तोंड उघडायचं? उद्या टाकू, म्हणून कार्ड पुस्तकात ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासनीस आले. मग घटक चाचण्या आल्या. ज्याला टाळायचंय त्याला कामांची काय उणीव.

शनिवारी मनुकांचे देठ मी एकटीनंच काढले.

रविवारी दाराचा बाक रिकामा होता. तात्यांनी त्या बाजूला पाहिलंही नाही, सरळ मेजाकडे वळले. आणि मी उठले. का उठले, ते मला नीट सांगता येणार नाही. शपथ घेतली होती म्हणून असेल, किंवा आता उठायला काही लागत नव्हतं म्हणूनही असेल. बायकांच्या मधून वाट काढत मागे गेले आणि त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

सगळं देऊळ वळून पाहू लागलं. तात्या काठी टेकत दोन पावलं पुढं आले. "बाई, काय झालं?" त्यांनी विचारलं.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या जिभेवर होती. पाळकसाहेब मेजापाशी थांबले होते, हातात भाकर तशीच. एवढं सोपं मला आयुष्यात पुन्हा कधी मिळालं नाही.

"चक्कर आली," मी म्हणाले.

कुणीतरी तांब्याभर पाणी आणलं. सुलभाताईंनी पदरानं वारा घातला. मी पाणी प्याले.

सगुणा जांभुळखेड्याला परत आलीच नाही. दवाखान्यातली तिची जागा दुसरीला मिळाली, अमोलचं नाव जालन्याच्या शाळेत घातलं, असं कानावर आलं. तिनं मला पत्र टाकलं नाही. टाकायची पाळी तिची नव्हतीच. पहिल्या वर्षी वाटायचं, आता लिहू. मग वाटायला लागलं, आता काय तोंडानं लिहू. तात्या गेले. नव्या पाळकांनी तीन प्रश्न बंद केले आणि बाक हलवून तिथं खुर्च्या मांडल्या. मी निवृत्त झाले. आमचे हे गेले. मनुकांचं काम तेवढं सोडलं नाही.

बावीस वर्षांनी, एका बुधवारी सकाळी दारात तिशीचा एक माणूस उभा राहिला. हातात हेल्मेट, कपाळ थेट आईचं.

"मावशी, मी अमोल. सगुणा पाटोळ्यांचा."

मी त्याला आत घेतलं, पंखा लावला. मागच्या महिन्यात आई गेली, असं त्यानं सांगितलं. फार हाल झाले नाहीत. जुनी ओळखीची माणसं आहेत त्यांना कळवत फिरतोय, म्हणाला.

"देवळात जायची का रे?" मी विचारलं. तेवढंच विचारायचं धाडस झालं.

"एक रविवार चुकवला नाही. पण प्रभुभोजन कधी घेतलं नाही." तो हेल्मेट मांडीवर फिरवत होता. "तिथं तिला कुणी बंदी केली नव्हती. कुणाला काही माहीतही नव्हतं. तरी दाराजवळच्या शेवटच्या बाकावरच बसायची. पाळक म्हणायचे, आजी, पुढं या. तर म्हणायची, आमच्या गावी एक जण माझा हात धरायला उठणार हाय, तिचं कार्ड आलं की जाईन. शेवटी शेवटी पाळक घरी भाकर घेऊन आले, तर त्यांनाही तेच म्हणाली. आम्हाला वाटलं, वयानं भ्रम झाला असेल."

पंख्याचा आवाज येत होता.

"मावशी, कोण होती हो ती?"

"मी," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. पण आईचाच मुलगा तो. मान हलवून म्हणाला, "तुमच्याकडे आमचा पत्ता नसेल मग."

मला सुटायला तो स्वतःहून दार उघडून देत होता. हो म्हटलं असतं तर त्यानं चहा घेतला असता आणि तो गेला असता.

मी उठले. कपाटातून गायनाचं पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं पहिलं पान उघडलं. आईचं अक्षर त्यानं लगेच ओळखलं असावं, कारण त्याचं बोट त्या ओळींवरून हळूहळू फिरत गेलं. आत ठेवलेलं जुनं कार्ड त्याच्या मांडीवर पडलं, 'प्रिय सगुणा' एवढंच लिहिलेलं. मामाचं नाव, गल्ली, जालना, सगळं तिथं होतं. आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'तारीख कळव, येते.'